गुरुवारचा तास

रादाना : ‘आधी सपाता घाल. रस्त्यावरचा चिखल पियानोला दाखवायचा नसतो.’ दारात पाय ठेवला आणि मावशी, बाईंचा आवाज तस्सा कानात आला. मी मागे वळून बघितलंसुद्धा.

ब्लाझेना : आणि घातल्यास का?

रादाना : घातल्या की. माझ्या पिशवीत असतातच. व्हिएन्नाला माझे विद्यार्थी हसतात त्यावरून. एवढी नावाजलेली पियानोवाली आणि वर्गात लोकरीच्या सपाता घालून फिरते म्हणतात.

ब्लाझेना : हसू देत. ये, चुलीजवळ बस. प्रवासानं ओठ निळे पडलेत तुझे. कॉफीचा गाळ खाली बसू दे, मग पी. आणि हा कोलाच घे, खसखशीचा गोड पाव. दुपारच्या माणसांसाठी केलेत, पण एकानं काही कमी पडत नाही.

रादाना : तुम्ही केलेत? आज? शेजारणी नाही आल्या मदतीला?

ब्लाझेना : आल्या होत्या. गोड बोलून घालवून दिल्या. शनिवारी माझी बहीण गेली, तुझ्या ओतिल्काबाई, तेव्हापासून हात रिकामे राहिले की मला भीती वाटते गं. पीठ मळत असले की बरं असतं. आज सकाळी प्रार्थनेहून आले आणि जिन्यातच उभी राहिले. सवयीनं. वरून पियानो ऐकू येईल म्हणून. मग लक्षात आलं.

रादाना : मावशी...

ब्लाझेना : नाही, मी रडत नाहीये. मी दोन वाजता रडणार आहे. तू वाजवायला लागलीस की. तोवर धरून ठेवलंय. ती संथ चीज वाजवशील ना, जी ती रोज सगळ्यात शेवटी वाजवायची? फादरना मी सांगून ठेवलंय, शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडून झालं की कुणी काही बोलायचं नाही, रादाना वाजवेल. फुलं कुठली, पेटी कुठली, भाषण कुणाचं, मी कशात तोंड घातलं नाही. माझं मागणं एवढं एकच आहे.

रादाना : मला त्याबद्दलच बोलायचं होतं.

ब्लाझेना : बोल की. पण आधी हे सांग, मी काही चुकीचं तर नाही ना केलं? काल पेटीवाले आले आणि म्हणाले, बूट द्या. कपाटात तिचे काळे बूट आहेत, मैफलीचे, अजून नवेकोरे. ते हातात घेतले आणि परत ठेवून दिले. तिच्या सपाता दिल्या. चौकड्यांच्या, टाचेला झिजलेल्या. तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, आजी, घाईत भलतंच उचललंत. मी म्हटलं, घाईत नाही उचललं.

रादाना : बरोबर केलंत. दुसरं काही दिलं असतंत तर त्या रागावल्या असत्या.

ब्लाझेना : तू होतीस ना गं तिथं, प्रागला, त्या संध्याकाळी? मी इथं मेरीमातेपुढं मेणबत्ती लावून बसले होते. ती परत आली आणि एवढंच म्हणाली, ‘झालं. पियानो चांगला होता.’ सपातांचं मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं, तेही हसत हसत. तिनं धड कधी सांगितलं नाही. तू सांग.

रादाना : आत्ता?

ब्लाझेना : मग कधी? कोलाच भट्टीत आहेत, मला कुठं जायचं नाहीये.

रादाना : मी तेव्हा वीस वर्षांची होते. बाईंची पिशवी धरायला गेले होते. बाईंना वाजवू न देणारं सरकार पडून काही महिनेच झाले होते. ज्या सभागृहातून बाईंची चित्रं उतरवली होती, तिथंच त्यांना परत बोलावलं होतं. लोक असे बसले होते मावशी, की पायऱ्यांवरसुद्धा जागा नव्हती. मागच्या खोलीत बाईंनी बाहेरचे बूट काढले. पिशवीत काळे बूट होते, आणि सपाताही होत्या. मी पाणी आणायला गेले आणि परत येते तोवर त्या मंचाकडे निघालेल्या. मागून बघितलं. पायघोळ काळा झगा, आणि खाली त्या चौकड्या.

ब्लाझेना : हात गेला असेल तिकडेच. पियानोकडे जायचं म्हणजे सपाता. वीस वर्षांची सवय.

रादाना : हाक मारायची सोय नव्हती. त्या दिव्याखाली आल्या, आणि पुढच्या रांगेत कुजबुज झाली. कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी खाली बघितलं. मला वाटलं, आता परत फिरतील. त्या नाही फिरल्या. त्यांनी लोकांकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘माफ करा. मी सरळ घरून आलेय.’

ब्लाझेना : एवढंच?

रादाना : एवढंच. आणि मावशी, ते हसणं जे थांबलं! एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले. मग त्यांच्या शेजारचे. मग सगळं सभागृह. टाळ्या नाहीत, काही नाही, नुसते उभे. अजून एक स्वर वाजला नव्हता. बाई म्हणाल्या, बसा, आणि स्वतः बसल्या.

ब्लाझेना : आणि मग?

रादाना : मला वाटलं होतं, सुरुवातीला हात चाचपडतील. शाळेतल्या पोरांना सरगम शिकवणारे हात, इतक्या वर्षांनी इतक्या लोकांसमोर. आणि त्यांनी अशी सुरुवात केली, जशी काही काल संध्याकाळी हीच मैफल इथंच करून गेल्या होत्या. मी पडद्यामागे जमिनीवर बसले. आजवर मी जगभर ऐकलंय, मी स्वतः वाजवते. तसं पुन्हा नाही ऐकलं.

ब्लाझेना : कालच वाजवली होती ना तिनं. रोजच वाजवत होती. तुम्हा पोरांना कुणालाच ठाऊक नव्हतं.

रादाना : म्हणजे, सराव?

ब्लाझेना : सराव नव्हे. मैफल. परक्यांचे रणगाडे देशात आले त्याच्या पुढच्या वर्षी सरकारी माणसं तिला बोलावून म्हणाली, सैन्य आलं ते बरं झालं असं लिहून द्या, मग तुमचं सगळं सुरळीत चालेल. हिनं नाही दिलं. परदेशात बक्षिसं मिळवलेल्या रेकॉर्डी, सगळ्या दुकानांतून एका आठवड्यात गेल्या. आणि ही दोन पिशव्या घेऊन इथं ओल्शांकाला, माझ्या दारात. दुपारी शाळेत पोरांना शिकवायची. आणि सकाळी, मी प्रार्थनेला निघायचे तेव्हा, ही केस बांधायची. चांगला झगा घालायची. एकदा मी काहीतरी विसरले म्हणून परत आले आणि दाराच्या फटीतून बघितलं. ही खोलीत आली, भिंतीकडे तोंड करून वाकली, आपण लोकांसमोर वाकतो ना तशी, आणि मग बसली. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी मैफल. मध्ये थांबणं नाही, चुकलं तर पुन्हा नाही. संपल्यावर परत वाकली. मग झगा काढून बटाटे सोलायला आली.

रादाना : रोज?

ब्लाझेना : तापानं फणफणली होती तेव्हासुद्धा. मला आधी वाटलं, हिचं डोकं फिरलंय. मग राग यायला लागला. एक दिवस म्हटलंच, कुणासाठी गं हे? कोण ऐकतंय? तर म्हणाली, ‘तू रोज प्रार्थनेला जातेस. तिथून रोज उत्तर येतं का?’ मग स्वतःच म्हणाली, ‘तरी जातेस ना.’

रादाना : आम्ही बाहेर जिन्यात ऐकायचो. सुट्टीत इथं शिकायला लवकर आलो तर. आम्हाला वाटायचं, सगळ्याच मास्तरणी घरी असं वाजवत असतील.

ब्लाझेना : तेव्हापासून मी जिन्यात थांबायला लागले. ती वाकून होईस्तोवर आत जायचं नाही, असा माझा नेम. आत वाजवणारी एक आणि बाहेर ऐकणारी एक. ऐकणारं कुणीच नव्हतं असं नाही म्हणजे. पण मी हे तिला कधी सांगितलं नाही. म्हणून म्हणते पोरी, आज ती शेवटची चीज मला हवीय. आज मला जिन्यात नाही, समोर बसून ऐकायचंय. ... काय गं? अशी का बघतेस?

रादाना : दारावर कुणीतरी आहे मावशी.

ब्लाझेना : हेडमास्तर असेल. दुसरं कोण एवढं दार बडवतंय. ये रे हिनेक, उघडंच आहे! सपाता!

हिनेक : मावशी, मी एका शाळेचा मुख्याध्यापक आहे.

ब्लाझेना : मग तिथं हो. इथं तू चिखल आहेस. खोक्यात पाहुण्यांच्या आहेत, बघ एखादा जोड.

हिनेक : सगळ्या बायकी आहेत. बरं, घातल्या. रादाना, आलीस, सुटलो बाबा! बाई शेवटपर्यंत म्हणायच्या, हिनेक, तू माणूस लाखाचा, पण पियानो सोड. तू आली नसतीस तर आज मलाच बसावं लागलं असतं, आणि त्या पेटीतून उठल्या असत्या. ऐका आता. शाळेचा मोठा पियानो चर्चमध्ये पोचला. अग्निशामक दलाची माणसं पहाटेपासून लागली होती. पायरीवर अडकला तेव्हा त्यांनी जे शब्द वापरले, फादरनी कानावर हात ठेवले. ट्यूनिंगवाला आता हातमोजे घालून काम करतोय, इतकं गार आहे आत. ब्रनोहून बस निघालीये. रेडिओवाले आलेत. शाळेवर काळा झेंडा लावला, आज शाळा बंद. आणि हे माझं भाषण. ‘आपल्या मातीत जन्मलेल्या जगप्रसिद्ध पियानोवादक...’

ब्लाझेना : जगप्रसिद्ध काढ.

हिनेक : मावशी, त्या जपानपर्यंत गेल्या होत्या!

ब्लाझेना : गेली होती आणि विचारून गेली होती, गुरुवारपर्यंत परत पोचवणार का. ते नाही म्हणाले असते तर गेली नसती. ते लिही.

हिनेक : ते लिहिलंय. ‘प्रागच्या त्या अविस्मरणीय मैफलीच्या दुसऱ्या दिवशी, गाडी पकडून, दोन वाजता त्या वर्गात हजर होत्या.’ त्या दिवशीचा तास माझाच होता म्हणून मला ठाऊक. मी गृहपाठ केला नव्हता. सगळा देश त्यांच्याबद्दल बोलत होता, आणि बाई माझी करंगळी धरून म्हणतायत, ‘ही अजून झोपलीये.’

रादाना : हिनेक, आज गुरुवार आहे. दोनचा तास कुणाचा असायचा आता?

हिनेक : एकच मूल घ्यायच्या त्या हल्ली. आपोलेन्का. वरच्या ल्होटे गावची. तुला बोलल्या नव्हत्या? फारशी बोलत नाही पोर, माणसाकडे बघत नाही. आमच्याकडच्या सगळ्या शिक्षकांनी हात टेकले होते. बाई म्हणाल्या, माझ्याकडे द्या. वर्षभर तर तिला नुसत्या एक पट्टी दाबून तिचा आवाज विरेपर्यंत ऐकायला लावायच्या. मी दारावरून जायचो, आत एक स्वर. परत जायचो, तोच स्वर. मला वाटायचं, दोघींना आता वेड लागलं. आणि नाताळानंतर एक दिवस ती पोर वाजवायला लागली. दोन्ही हातांनी. मी दप्तर तसंच हातात धरून दारात उभा. बाईंनी मला हातानं, जा, म्हणून खुणावलं.

रादाना : तिला कळवलं का, आज तास नाही म्हणून?

हिनेक : सकाळीच फोन केला तिच्या आजीला. आजी म्हणाली, सांगितलं हो तिला, बाई गेल्या, देवाघरी गेल्या. तर म्हणते, ‘बाईंनी सांगितलंय, मी नसले तरी गुरुवारी तास असेल.’ पाठीला दप्तर लावून दारात उभी आहे, जेवलीसुद्धा नाही. बसनं घेऊन यायलाच लागेल म्हणाली आजी. मी म्हटलं, आणा, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसवतो, बाईंच्या अगदी जवळ. आणखी काय करणार? बिचारी. ... रादाना, तुला बरं वाटत नाहीये का?

रादाना : शाळेची किल्ली तुझ्याजवळ आहे?

हिनेक : ही काय. का?

रादाना : मला दे.

हिनेक : अगं पियानो चर्चमध्ये आहे. शाळेत फक्त तो जुना उभा पियानो राहिलाय, सहा नंबरच्या वर्गात. त्यावर काय सराव करणार तू?

रादाना : सराव नाही. तास आहे दोन वाजता.

ब्लाझेना : दोन वाजता काय आहे, ते मी तुला आल्यापासून सांगतेय.

रादाना : मावशी, मला सांगू द्या. नाताळात मी आले होते. बाई खुर्चीत बसल्या होत्या, तिथंच, खिडकीपाशी. म्हणाल्या, ‘एक करशील?’ मला वाटलं, औषध आणायचं असेल, पडदा ओढायचा असेल. मी म्हटलं, करेन की. म्हणाल्या, ‘माझ्यामुळे कुणाचा तास चुकू द्यायचा नाही. मला पोचवायला जातील त्या दिवशीसुद्धा नाही. तेव्हा तू घे.’ मी हसले. म्हटलं, बाई, तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवाल. त्या नाही हसल्या. म्हणाल्या, ‘हो म्हण.’ मी हो म्हटलं.

ब्लाझेना : आणि हे मला आज सांगतेस?

रादाना : सांगणारच नव्हते. खरं सांगते. गाडीत ठरवून टाकलं होतं की मोडायचं. दोघींशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. वाटलं, तास काय, कुणाचातरी पुढे ढकलता येईल, आणि बाईंसाठी वाजवायला मी नाही तर कोण? मलाही वाजवायचंय हो मावशी. शनिवारपासून दुसरं काही केलं नाही मी, तीच चीज वाजवतेय. पण ती पोर दप्तर लावून दारात उभी आहे.

हिनेक : थांब, थांब. यातून मार्ग निघतो. तास चारला घे. तोवर सगळं आटोपेल. मी स्वतः किल्ली घेऊन येतो.

रादाना : तिला दोनची वेळ सांगितलीये. दोनला दार बंद असेल, आणि वर काळा झेंडा.

हिनेक : मग तिला चर्चमध्ये तुझ्या शेजारी बसव! पानं उलटायला. लोकांनाही बरं वाटेल बघून. बाईंची शेवटची विद्यार्थिनी...

रादाना : ती माणसांकडे बघत नाही हिनेक. तूच म्हणालास. सगळं चर्च तिच्याकडे बघेल.

हिनेक : आणि मी बाहेरच्यांना काय सांगू? रेडिओवाल्यांना? मावशी, तुम्ही बोला काहीतरी. तुमची बहीण आहे.

ब्लाझेना : माझी बहीण! हो, माझीच. सगळं आयुष्य तिचं जेवण मी केलं, तिचे झगे मी इस्त्री केले. आणि जाताना तिनं मागितलं ते हिच्याकडे. मी काय मागितलं गं देवाकडे? एक चीज. तीही तिची तिला परत द्यायला. ते तिनं आधीच दुसऱ्याला देऊन टाकलं. मला विचारलंसुद्धा नाही.

रादाना : विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?

ब्लाझेना : नको म्हटलं असतं. अर्थात नको म्हटलं असतं.

रादाना : मग तुम्ही सांगा मावशी. तुम्ही थांब म्हणालात तर मी थांबते. बाईंना मी काय ते वर गेल्यावर सांगेन.

(ब्लाझेना उठून भट्टीतले कोलाच बाहेर काढते.)

ब्लाझेना : कारण सांगितलं का तिनं तुला? असं का हवंय ते?

रादाना : नाही. विचारायला हवं होतं.

ब्लाझेना : मला ठाऊक आहे. मलाच ठाऊक आहे फक्त, आणि माझ्या डोक्यात आत्ता येतंय ते. कांतोर शेदिवी. आमच्या गावचे मास्तर. शाळाही तेच, चर्चमधला ऑर्गनही तेच. गावात कुणाला सूर लागतो हे तेच ओळखायचे. ओतिल्का त्यांच्याकडे शिकायची, आणि मी तिच्याबरोबर जायचे, मला एकटीला घरी ठेवत नसत म्हणून. एका हिवाळ्यात त्यांची बायको गेली. सकाळी पुरलं तिला, सगळं गाव होतं. आणि ओतिल्का दुपारी उठून कोट घालायला लागली. आईनं विचारलं, कुठं? म्हणाली, ‘गुरुवार आहे.’ आईनं एक ठेवून दिली. म्हणाली, माणसाला जरा तरी जनाची लाज. तरी ही निघाली. मी मागोमाग, मुळूमुळू रडत.

हिनेक : मग?

ब्लाझेना : दार बंद होतं. ही पायरीवर बसली. मी म्हणतेय, चल ना, गार वाजतंय, आई मारेल. ही हलेना. आणि ते आले. स्मशानातून तसेच आले असतील, कुठंतरी एकटेच थांबले असतील. काळा कोट, बुटांना ती पिवळी माती. आमच्याकडे बघितलं. मला वाटलं, ओरडणार. त्यांनी दार उघडलं. खाली बसले, बूट सोडले, सपाता घातल्या. हिलाही म्हणाले, घाल. ओतिल्कालाच मग वाईट वाटलं, ती म्हणाली, मास्तर, मी जाते. ते म्हणाले, ‘बस. आज माझ्याजवळ एवढंच आहे.’

रादाना : आणि तास घेतला?

ब्लाझेना : पूर्ण. एक चूक सोडली नाही. मी चुलीपाशी बसले होते. त्यांनी चूल पेटवली नव्हती, कुणीच पेटवली नव्हती त्या घरात त्या दिवशी. पण त्या दोघांना गारठल्याचं कळलंच नाही. मी लहान होते, मला संगीतातलं काही कळत नव्हतं, आजही कळत नाही. पण मला वाटलं, चर्चमध्ये प्रार्थनेत फादर पवित्र भाकर वर धरतात ना, तेव्हा जसं सगळं गप्प होतं, तसं आहे हे. म्हणून हलले नाही. घरी गेल्यावर ओतिल्का आईला म्हणाली, ‘तास झाला.’

हिनेक : हे माझ्या भाषणात नाहीये.

ब्लाझेना : घालूही नकोस. तुझ्या भाषणात ते जपान असू दे. किल्ली दे तिला.

हिनेक : मावशी...

ब्लाझेना : दे. सहा नंबरची वेगळी असते ना? तीही दे. वर्ग गरम आहे का?

हिनेक : शाळा बंद म्हणून बंद केलंय सगळं. मी जाऊन चालू करतो. नाही, मी चर्चमध्ये असायला हवा... शिपायाला पाठवतो. पण वाजवणार कोण? लोक काय ऐकणार?

ब्लाझेना : ऑर्गन आहे. गावाला गळे आहेत. मेरीमातेचं गीत म्हणू, ते सगळ्यांना येतं. तुलाही म्हणता येतं, हळू म्हटलंस तर.

हिनेक : आणि पियानो? ती माणसं पहाटेपासून... ती मला जिवंत ठेवणार नाहीत.

ब्लाझेना : त्यांना कोलाच दे आणि बिअर पाज. पियानो राहू दे तिथंच, झाकण उघडं ठेव. फादरना सांग, पाणी शिंपडून झालं की थोडा वेळ सगळ्यांनी गप्प बसायचं. तिनं वीस वर्षं भिंतीसमोर वाजवलं, आपल्याला थोडा वेळ गप्प बसायला जड जाऊ नये.

हिनेक : विचारतील, रादाना कुठं आहे म्हणून.

ब्लाझेना : मग खरं तेच सांग. तासाला गेलीये म्हणावं. ब्रनोहून आलेत त्यातले अर्धे तिच्याच हाताखालून गेलेत, त्यांना पुढं काही सांगावं लागणार नाही. जा आता, बूट उलटे घालतोयस.

हिनेक : जातो. रादाना, त्या पियानोचं उजवं पेडल करकरतं, बाई त्यावर पाय आडवा ठेवायच्या. ... नाही, तुला माहीत असणार. आपण तिथंच शिकलो की.

रादाना : माहीत आहे. तरी बरं झालं सांगितलंस.

ब्लाझेना : गेला. लाखाचा माणूस. पियानो सोडला तेच बरं केलं.

रादाना : मावशी, तुम्ही दोन वाजता रडणार होतात.

ब्लाझेना : रडेन गं. रडायला काय पियानो लागतो थोडाच.

रादाना : शाळेची खिडकी चौकात उघडते. मी उघडी ठेवते. पेटी बाहेर आणतील तेव्हा कदाचित तुम्हाला ऐकू येईल. एखादा स्वर.

ब्लाझेना : नको. बंदच ठेव. पोर गारठेल.

रादाना : आज संध्याकाळी मी इथं येते. ती चीज तुमच्यासाठी वाजवते, वरच्या खोलीत. तुम्ही समोर बसा.

ब्लाझेना : संध्याकाळी नको, सकाळी. उद्या मी प्रार्थनेहून आले की. आणि मी जिन्यातच थांबेन, मला तिथूनच ऐकायची सवय आहे. हे चार कोलाच बांधून दिलेत, तास झाल्यावर तिला दे, आधी नको, बोटं चिकट होतील. आजीलाही दे एक. कोटाची बटणं लाव वरपर्यंत.

रादाना : लावली. येते मावशी.

ब्लाझेना : थांब. सपाता पायातच राहिल्यात बघ. बूट घाल, आणि त्या पिशवीत टाक. तिथं पोचलीस की लागतील.